बघ्याचा डोळा

फटाक्यानं डोळ्याला इजा झालेल्या माणसांपैकी जवळजवळ निम्मी माणसं फटाका लावत नव्हती, ती नुसती बघत उभी होती. २०१० साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’मध्ये निरनिराळ्या देशांतल्या २६ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात बघ्यांचं प्रमाण ४७ टक्के निघालं. जखमींमध्ये ७७ टक्के पुरुष आणि मुलगे होते, आणि बहुतेक जण कमी वयाचे होते. बहुतेकांची इजा किरकोळ होती आणि काही दिवसांत बरी झाली. पण १६ टक्क्यांच्या आसपास लोकांची नजर कायमची फार कमी झाली आणि शंभरातल्या जवळजवळ चौघांचा डोळा काढून टाकावा लागला.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात वर्तमानपत्रांत आणि शाळांच्या सूचनाफलकांवर जे सांगितलं जातं, ते या आकड्यांच्या शेजारी ठेवून वाचावं. सुती कपडे घाला, लांब उदबत्तीनं पेटवा, पाण्याची बादली जवळ ठेवा, पेटवल्यावर मागे सरा. सगळं खरं आहे आणि सगळं फटाका लावणाऱ्याला उद्देशून आहे. वाड्याच्या ओट्यावर बसलेली आजी, गॅलरीतून वाकून पाहणारी मुलगी, रस्त्यानं दुचाकीवरून जाणारा माणूस, आईच्या कडेवरचं पोर यांच्यासाठी त्यात एक ओळही नसते. लावणाऱ्याचं लक्ष निदान वातीवर असतं. फटाका कधी फुटणार हे त्याला ठाऊक असतं आणि तो तोंड फिरवतो. बघणाऱ्याचा चेहरा मात्र थेट फटाक्याकडे आणि डोळे पूर्ण उघडे असतात, कारण बघायलाच तो तिथे आलेला असतो. म्हणून डोळे वाचवायचा प्रश्न एकेका माणसाच्या सावधगिरीवर सोडून चालत नाही. फटाके कुठे, कोणते, किती अंतरावर आणि कोणाच्या देखत लावले जातात, हे ठरवण्यातून तो सुटतो.

फटाका डोळ्याला नेमकं करतो काय? आवाजाच्या दणक्यानं, हवेच्या धक्क्यानंच डोळा फुटत असावा, असा समज बऱ्याच काळापासून होता. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी तो तपासून पाहिला. मरणोत्तर दान झालेल्या मानवी डोळ्यांसमोर, काही सेंटीमीटर अंतरावर, त्यांनी बंदुकीच्या दारूचे मोजके स्फोट केले आणि डोळ्याच्या आतला दाब मोजला. २०१२ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले त्यांचे निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. त्या स्फोटांत नुसत्या हवेच्या धक्क्यानं डोळ्याला गंभीर इजा झाली नाही. बुबुळावर जे ओरखडे उठले, ते न जळता उडालेल्या दारूच्या कणांचे होते. मोठा बॉम्ब डोळ्याला चिकटूनच फुटला तर गोष्ट वेगळी, पण अंगणातल्या नेहमीच्या अपघातात शत्रू असतो तो उडून येणारा पदार्थ. दारूचा कण, पुठ्ठ्याचा तुकडा, सुतळीचा पीळ, खडा, पत्रा, रॉकेटची काडी. याच्यातून एक फार उपयोगाची गोष्ट निघते. उडून येणारी वस्तू अडवता येते. डोळ्यासमोर टिकाऊ आडोसा असेल किंवा मध्ये पुरेसं अंतर असेल, तर इजा टळते.

उडालेला तुकडा बोथट असेल तर डोळा बाहेरून शाबूत दिसतो आणि आत गोंधळ उडतो. पाण्यानं भरलेला फुगा समोरून दाबला की बाजूंनी फुगतो, तसा डोळ्याचा गोल क्षणभर चपटा होऊन बाजूंना ताणला जातो. बुबुळाच्या रंगीत पडद्याचं मूळ फाटून पुढच्या कप्प्यात रक्त साचतं. नैसर्गिक भिंग आपल्या दोऱ्यांवरून निसटतं किंवा गढूळ होतं आणि तरण्या वयात मोतीबिंदू होतो. मागचा पडदा सुजतो, फाटतो, सुटून येतो. तुकडा धारदार असेल तर तो डोळ्याला भोक पाडून आत जातो, कधी आतच राहतो. तिसरी इजा भाजण्याची, पापण्यांची आणि बुबुळाची. चौथी रसायनांची, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं गेलं होतं. २०२५ च्या दिवाळीनं ते चित्र बदललं.

त्या दिवाळीत भोपाळ, विदिशा आणि मध्य प्रदेशाच्या इतर भागांत ‘कार्बाइड गन’ नावाचं खेळणं रस्तोरस्ती विकलं गेलं. प्लास्टिकच्या नळाचा तुकडा, मागे गॅस पेटवायचा लायटर, आत कॅल्शियम कार्बाइडचे खडे आणि थोडं पाणी. शेतातली माकडं-पाखरं हाकलायचं हे साधन समाजमाध्यमांवरच्या छोट्या चित्रफितींतून मुलांपर्यंत पोचलं. दीडदोनशे रुपयांत बॉम्बसारखा आवाज आणि तो हवा तितक्या वेळा. शंभराहून जास्त लोक डोळ्यांच्या इजा घेऊन रुग्णालयांत आले आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा होता. काहींची नजर गेली. विक्री रोखायचे सरकारी आदेश निघाले होते, तरी ही गन बाजारात होती.

या नळीत काय घडतं ते समजून घ्यायला हवं, कारण तिची कृती कुठल्याही गावातल्या मुलाच्या हातात केव्हाही पोचू शकते. कार्बाइड आपल्याला परकं नाही. आंबे पिकवायला ते वापरतात म्हणून आपण त्याच्या नावानं ओरडतो, आणि तसं वापरायला कायद्यानं बंदी आहे. पाणी पडलं की त्यातून अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो, गॅस वेल्डिंगमध्ये जळतो तोच. ठिणगी मिळाली की तो नळीत भडकतो. पण वायू किती साचला याचा अंदाज बाहेरून येत नाही. लायटर दाबला, आवाज झाला नाही, की मुलगा नळीच्या तोंडाला डोळा लावून आत काय झालं ते बघतो. नेमक्या त्या वेळी स्फोट झाला तर तोंडावर ज्वाळा येते, प्लास्टिकच्या चिरफाळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर नळीत उरलेला ओला पांढरा गाळ येतो. हा गाळ म्हणजे विरलेला चुना.

चुना डोळ्यात जाणं किती वाईट, हे पान-तंबाखू खाणाऱ्या घरांमधली मुलं तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञांना नव्यानं सांगायला नको. चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबून खेळताना डोळ्यात पिचकारी उडालेली लहान मुलं आपल्याकडच्या रुग्णालयांत वर्षभर येतात. चुना ही अल्कली आहे, आणि आम्लापेक्षा अल्कली डोळ्याला जास्त घातक असते. आम्लानं वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि तो गोठलेला थरच पुढची वाट थोडीफार अडवतो. अल्कली पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करत आत शिरत राहते, आणि डोळ्यात चुन्याचे कण अडकलेले असतील तर हे काम तासन् तास चालू राहतं. बुबुळाच्या कडेला, काळं आणि पांढरं जिथे मिळतं तिथे, बुबुळाचा वरचा थर आयुष्यभर नवा करत राहणाऱ्या मूळपेशी असतात. त्या जळाल्या की बुबुळ स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. त्यावर रक्तवाहिन्या चढतात आणि ते कायमचं धुरकट होतं.

इथे एक फसवी खूण आहे आणि ती घरच्यांना माहीत असायला हवी. साध्या इजेत डोळा लाल होतो. अल्कलीनं खोल जळलेल्या डोळ्यात कडेच्या रक्तवाहिन्याच जळून बंद पडतात, म्हणून तो लाल न दिसता पांढराफटक दिसतो. नसा मेल्यामुळे दुखणंही कधी कमी होतं. पोर रडायचं थांबलं, डोळाही लाल नाही, म्हणजे बरं वाटतंय असं समजून रात्र काढली जाते आणि तेवढ्यात डोळा हातचा जातो.

कारखान्यात बनलेल्या फटाक्यांकडे वळलं तर धोक्याचा क्रम आवाजावर ठरत नाही. भुईनळा शांत, दिसायला देखणा, म्हणून तो लहानांच्या हाती दिला जातो. पण त्याची वात पेटायला वेळ लागतो, मूल त्याच्यावर वाकून राहतं आणि दारूचा कारंजा सरळ चेहऱ्यावर येतो. कधी भुईनळा वर उडण्याऐवजी फुटतोच. फुलबाजीचंही तसंच. तिच्या तारेवरचं जळणं हजार अंश सेल्सिअसच्या घरात जातं, आणि ती आपण तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हातात देतो, त्यांना कडेवर घेऊन, म्हणजे आपल्या दोघांच्या डोळ्यांच्या उंचीवर. मुलं ती गोल फिरवतात. शेजारच्या मुलाचा चेहरा हातभर अंतरावर असतो. विझलेली तारही बराच वेळ तापलेली राहते.

सुतळी बॉम्बचा दोष त्याच्या आवाजापेक्षा त्याच्यावर काय ठेवलं जातं यात जास्त आहे. करवंटी, पत्र्याचा डबा, मातीचं मडकं, काचेची बाटली. डबा किती उंच उडतो ही मुलांची पैज लागते आणि त्या डब्याच्या चिंध्या बघ्यांमध्ये येतात. रॉकेट बाटलीत उभं करतात. बाटली कलंडली की ते आडवं सुटतं, समोरच्या गॅलरीत किंवा गर्दीत शिरतं. काठीच्या रॉकेटांचा हा दोष ओळखून नॉर्वेनं २००८ पासून सामान्य ग्राहकांसाठी त्यांच्यावर बंदीच घातली. माझ्या मते आपल्या शहरांतल्या दाटीवाटीच्या वस्त्यांतही रॉकेटाला जागा नाही. ज्याची दिशा लावणाऱ्याच्याही हातात राहत नाही, त्याच्यापासून बघ्यानं सावध राहायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशीची सकाळ हा वेगळा धोका आहे. न फुटलेले, फुसके निघालेले फटाके मुलं अंगणातून, रस्त्यावरून वेचतात, त्यांची दारू कागदावर काढतात आणि एकदम पेटवतात. भडका उडतो तेव्हा भोवती चार-पाच डोकी वाकलेली असतात. फुसका फटाका पुन्हा पेटवायला जाणं हे मोठ्यांचंही होतं. वात आत कुठेतरी धुमसत असते आणि माणूस जवळ जाऊन फुंकर मारतो. त्यावर निदान पंधरावीस मिनिटं थांबून लांबूनच भरपूर पाणी ओतणं, आणि रात्रीच अंगण झाडून सगळा कचरा बादलीत भिजवून ठेवणं, हा उपाय आहे. हे काम मुलांवर सोडू नये.

गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री चौकाचौकांत नरकासुराच्या प्रतिमा उभ्या राहतात आणि पहाटे जाळल्या जातात. त्यांच्या पोटात फटाके भरलेले असतात. माणसं कडं करून अगदी जवळ उभी असतात, कारण तो क्षण जवळून बघण्याचाच असतो. आत नेमकं काय भरलंय हे कड्यातल्या कोणालाच माहीत नसतं. लग्नाच्या वराती, निवडणुकीचे विजय, क्रिकेटचे सामने, गणपतीच्या मिरवणुका हेही याच जातीचे प्रसंग. इथे दिवाळीइतकीही शिस्त नसते, कारण फटाके चालत्या गर्दीच्या मधोमध लावले जातात.

आडोशाची गोष्ट व्हर्जिनियाच्या प्रयोगानं पटवली. तो आडोसा म्हणजे पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक संरक्षक गॉगल. ग्राइंडिंग करणारे, लेथवर काम करणारे कारागीर वापरतात तोच. हार्डवेअरच्या दुकानात तो शेदोनशे रुपयांत मिळतो. घेताना बाजूंनीही झाकणारा घ्यावा आणि त्यावर प्रमाणाची खूण बघावी. भारतीय मानक आयएस ५९८३ आहे, अमेरिकन मालावर झेड ८७ असं कोरलेलं असतं. नंबरच्या चष्म्यावरून घालता येतील असेही गॉगल मिळतात. नंबरचा चष्मा हा स्वतः संरक्षण नव्हे. त्याची काच फुटली तर तिचेच तुकडे डोळ्यात जातात, आणि बाजू उघड्याच असतात. उन्हाचा काळा गॉगल तर रात्री दिसणंही कमी करतो. कॉन्टॅक्ट लेन्स काहीच अडवत नाही, उलट तिच्याखाली दारूचे कण अडकून राहतात, तेव्हा त्या संध्याकाळी चष्माच बरा.

डेन्मार्कनं नववर्षाच्या रात्रीसाठी ही सवय समाजात रुजवली. तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी अनेक वर्षं मोहीम चालवली, फटाक्यांबरोबर संरक्षक चष्मे वाटले आणि टीव्हीवरून ते घालून दाखवले. त्या चष्म्याची लाज वाटेनाशी झाली. आपल्याकडे फटाक्यांच्या हजार रुपयांच्या खोक्यात शंभर रुपयांचा गॉगल सहज बसेल. शिवकाशीचे कारखानदार आणि आपले घाऊक विक्रेते यांनी हे करावं असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण ग्राहकाच्या हातात फटाका आणि गॉगल एकाच वेळी पडला तरच तो घातला जाण्याची शक्यता आहे. मात्र एक गॉगल फक्त लावणाऱ्याला वाचवतो. अंगणात जेवढे चेहरे फटाक्याकडे वळलेले आहेत तेवढे गॉगल हवेत, आणि तेवढे नसतील तर अंतर हवं.

अंतराचा हिशेब आपण कधी नीट केलाच नाही. युरोपीय संघाच्या नियमांत घराबाहेर लावायच्या साध्या फटाक्यांच्या वर्गासाठी निदान ८ मीटर अंतर गृहीत धरलेलं आहे आणि तो वर्ग सोळा वर्षांखालच्या मुलाला विकता येत नाही. त्यापेक्षा मोठ्या फटाक्यांसाठी अठरा वर्षांची अट आहे. आठ मीटर म्हणजे साधारण दहा-अकरा मोठी पावलं. चाळीच्या दोन इमारतींमधला बोळ, सोसायटीतली गाड्यांची जागा, वाड्याचा चौक यांत एवढी मोकळी जागा मिळतच नाही. म्हणून उपाय सामूहिकच असायला हवा. सोसायटीनं किंवा मंडळानं जवळच्या मैदानात एक जागा ठरवावी, एक वेळ ठरवावी, लावणारी दोन-तीन शुद्धीवरची मोठी माणसं ठरवावीत, त्यांना गॉगल द्यावेत, आणि बाकीच्यांनी दोरीच्या बाहेरून बघावं. मुलांची मजा कमी होत नाही, आकाशातले रंग तिथूनही दिसतात. मुलाच्या हातात फटाका न देणं हा नियम याच्यात आपोआप पाळला जातो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं अनेक वर्षं शाळाशाळांतून फटाकेमुक्त दिवाळीचे संकल्प करून घेतले आणि तो सगळ्यात सुरक्षित मार्ग आहेच. ज्या घरांना तो मान्य नाही, त्यांच्यासाठी मैदान आणि दोरी.

कायद्याचं काय? फटाक्यांच्या बाबतीत देशातल्या दोन महत्त्वाच्या संस्था नागपुरात आहेत. स्फोटकांचे परवाने आणि सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचं, म्हणजे ‘पेसो’चं मुख्यालय तिथे आहे, आणि ‘हरित फटाका’ जिच्या पुढाकारानं तयार झाला ती ‘नीरी’ही तिथेच आहे. १९९२ साली गंधक आणि क्लोरेट यांचं एकत्र मिश्रण बंद झालं. नुसत्या घर्षणानं, आघातानं पेटणारं ते मिश्रण फार धोक्याचं होतं. आवाजाची मर्यादा १९९९ साली ठरली, फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत फटाक्यांना मनाई केली. २०१५ साली दिल्लीतल्या तान्ह्या मुलांच्या वतीनं त्यांच्या वडिलांनी याचिका केली, आणि त्याच प्रकरणात २३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयानं फक्त हरित फटाके, दिवाळीत रात्री ८ ते १० एवढीच वेळ, माळांना आणि बेरियमच्या क्षारांना बंदी, ऑनलाइन विक्रीला बंदी असा आदेश दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही मुंबईत हीच दोन तासांची वेळ ठरवून दिली.

हे सगळे आदेश स्वागतार्ह आहेत. पण ते ओळीनं वाचले की दिसतं, हा विचार कानाचा आहे आणि फुप्फुसाचा आहे. डोळा त्यात नाही. फोडणाऱ्यापासून बघ्यानं किती लांब उभं राहायचं, कोणत्या वयाखालच्या मुलानं काय हाताळायचं नाही, रॉकेट कुठे लावायचं नाही, गॉगल कोणी घालायचा, याबद्दल आपल्या सार्वजनिक चर्चेत एक शब्द नसतो. ‘हरित’ या नावानं तर गैरसमज वाढला. हरित फटाक्यातून धुराचे कण साधारण ३० टक्के कमी निघतात एवढाच त्याचा दावा आहे. तो तितकाच तापतो, तितकाच फुटतो आणि त्याचा पुठ्ठा तितक्याच जोरानं डोळ्यावर येतो. खोक्यावरचा हिरवा शिक्का पाहून मुलाला फटाका हातात देणाऱ्या पालकांना हे स्पष्ट सांगायला हवं.

कायदा डोळे वाचवू शकतो का, याचं उत्तर त्याच २०१० च्या आढाव्यात आहे. ग्राहकांच्या हाती फटाके जाऊ न देणारे कडक कायदे असलेल्या ठिकाणी डोळ्यांच्या इजा ८७ टक्के कमी आढळल्या. देशादेशांच्या सवयी आणि लोकसंख्या वेगळ्या असतात, त्यामुळे हे सगळं श्रेय कायद्याला देणं धाडसाचं होईल. पण नेदरलँड्समध्ये एकाच देशात ही तुलना करता आली. करोनाच्या काळात रुग्णालयांवरचा ताण टाळायला तिथल्या सरकारनं लागोपाठ दोन नववर्षांना फटाक्यांच्या विक्रीवर बंदी घातली आणि जखमींची संख्या झपाट्यानं घटली. बंदी उठली, संख्या पुन्हा वाढली. रॉटरडॅमचे नेत्रतज्ज्ञ बंदीसाठी कित्येक वर्षं आग्रह धरून होते. अखेर २०२५ साली डच संसदेच्या दोन्ही सभागृहांनी सामान्य ग्राहकांच्या फटाक्यांवर बंदीचा कायदा मंजूर केला.

आपल्याकडे असा युक्तिवाद करायचा तर आधी मोजदाद हवी. अमेरिकेत ग्राहक सुरक्षा आयोग दरवर्षी ४ जुलैच्या आधी अहवाल काढतो. २०२४ सालासाठी त्यांचा अंदाज सुमारे १४,७०० जखमी आणि ११ मृत्यू असा होता. आपल्याकडे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पत्रकार हैदराबादच्या सरोजिनी देवी नेत्र रुग्णालयात किंवा बंगळुरूच्या मिंटो रुग्णालयात जाऊन त्या रात्रीचा आकडा विचारतात आणि तेवढीच बातमी होते. पुण्या-मुंबईतलं, नाशिक-सोलापुरातलं, लातूरच्या तालुक्यातलं जखमी मूल कुठल्या खासगी दवाखान्यात गेलं, त्याचं पुढे काय झालं, हे एका जागी जमा होत नाही. कोणता फटाका, किती अंतर, लावणारा की बघ्या, एवढे तीन प्रश्न प्रत्येक नेत्ररुग्णालयानं दिवाळीच्या आठवड्यात विचारून राज्याच्या आरोग्य खात्याकडे पाठवले, तर दोन वर्षांत आपल्यापाशी बोलण्यासारखं काही असेल.

आता अपघात झाल्यावरचा पहिला तास. इथे सल्ल्यांमध्ये उघड विसंगती दिसते आणि लोक गोंधळतात. एके ठिकाणी वाचतो, डोळा लगेच भरपूर पाण्यानं धुवा. दुसरीकडे, अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनांत, वाचतो, फटाक्याची इजा झाली तर डोळा धुऊ नका. दोन्ही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या इजांसाठी. डोळ्यात रसायन गेलं असेल, म्हणजे कार्बाइडचा गाळ, चुना, फुटलेल्या फटाक्याची पूड, तर प्रत्येक मिनिट मोलाचं आहे. पापणीच्या बाहेर खडे-कण दिसत असतील तर ते कोरड्या स्वच्छ कापडानं टिपावेत आणि लगेच नळाच्या साध्या पाण्याखाली डोळा उघडा धरून निदान अर्धा तास धुवावा. दोन ओंजळी मारून थांबू नये. डोळा नाकाकडून कानाकडे धुतला जाईल असं डोकं कलतं धरावं, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात पाणी जात नाही. वरच्या पापणीच्या आत अडकलेले कण डॉक्टरच पापणी उलटून काढतील, तेव्हा धुऊन झालं तरी रुग्णालयात जावंच लागतं.

उलट जोरात काही आदळलं असेल, डोळ्यातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येत असेल, बाहुली वाकडी दिसत असेल, आत काही रुतलं असेल, तर डोळा फाटलेला असू शकतो. त्याला पाणी लावू नये, चोळू नये, पापणी बळजबरीनं उघडू नये, रुतलेला तुकडा काढू नये. घट्ट पट्टी बांधून दाब देऊ नये. कागदी कपाचा तळ कापून, डोळ्याला न टेकता भोवतालच्या हाडावर बसेल असा ठेवावा आणि चिकटपट्टीनं धरावा. दोन्ही इजा एकत्र असतील, जसं कार्बाइडच्या स्फोटात होतं, तर दाब न देता हलक्या धारेनं पाणी सोडत तडक रुग्णालय गाठावं.

डोळ्यात तूप, मध, गुलाबपाणी, आईचं दूध, लोणी, कोथिंबिरीचा रस घालणं, भाजलेल्या पापणीला टूथपेस्ट लावणं, पदराचा बोळा तोंडाच्या वाफेनं गरम करून डोळ्यावर दाबून धरणं, हे सगळं आपल्या घरांत प्रेमापोटी होतं. जखमी डोळ्यात त्यानं जंतू जातात, तपासणी अवघड होते आणि वाफेचा बोळा तर फाटलेल्या डोळ्यातला ऐवज बाहेर ढकलतो. घरात पडलेले कसलेही थेंब घालू नयेत. स्टिरॉइडचे तर मुळीच नकोत. दुखण्यावर अ‍ॅस्पिरिन किंवा तिच्या जातीची औषधं नकोत, रक्तस्राव वाढतो. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून मुलाला वाटेत काही खायला-प्यायला देऊ नये. आडवं न झोपवता डोकं उंच ठेवून न्यावं.

कुठे न्यायचं हे मात्र आधीच ठरलेलं असावं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बहुतेक दवाखाने बंद असतात आणि घाबरलेलं कुटुंब तीन-चार दारं ठोठावत फिरतं. शस्त्रक्रियेची सोय असलेला, चोवीस तास उघडा असणारा सगळ्यात जवळचा नेत्रविभाग, बहुधा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला, धनत्रयोदशीलाच विचारून ठेवावा. १०८ ची रुग्णवाहिका आहे, पण तिच्या चालकालाही कुठे जायचं ते सांगावं लागतं.

उपचारांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खूप पल्ला गाठला आहे. भाजलेल्या बुबुळावर प्रसूतीच्या वेळच्या वारेचा पातळ पडदा बसवतात. एका डोळ्याच्या मूळपेशी जळाल्या असतील तर दुसऱ्या निरोगी डोळ्यातून अगदी छोटा तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून जखमी डोळ्यावर पेरतात. ही पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत विकसित झाली आणि २०१२ साली तिचं पहिलं वर्णन प्रसिद्ध झालं. आज ती जगभर वापरली जाते. पण दोन्ही डोळे जळाले तर उसना घ्यायला स्वतःचा तुकडा उरत नाही. आणि मृत्यूनंतर दान आलेलं बुबुळ अल्कलीनं जळलेल्या डोळ्यावर नेहमीसारखं टिकत नाही, कारण त्याला जपणाऱ्या मूळपेशीच तिथे नसतात.

लहान मुलांत आणखी एक अडचण असते. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाचं बुबुळ किंवा भिंग महिनोन् महिने धुरकट राहिलं तर मेंदू त्या डोळ्याकडून बघायला शिकतच नाही. पुढे डोळा दुरुस्त झाला तरी नजर आळशी राहते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी हे उपचार वर्ष-दोन वर्षं चालतात, आणि नेमके तिथेच पालक थकून सोडून देतात.

डोळ्यात रक्त साचलेल्या रुग्णाला पहिल्या पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका असतो, तेवढे दिवस पळापळ बंद. रक्त निवळलं, नजर स्वच्छ झाली, डॉक्टरांनी सोडलं, तरी मार लागलेल्या डोळ्यात पाण्याचा निचरा होणारी जागा दुखावलेली असू शकते. काचबिंदू त्यातून वर्षांनी येतो, न दुखता. असा मार कधीकाळी बसलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा डोळ्याचा दाब तपासून घ्यावा. फाटलेल्या डोळ्याच्या बाबतीत क्वचित असंही होतं की शरीराची प्रतिकारशक्ती दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावर उलटते. काही आठवड्यांनी किंवा पुष्कळ उशिरा चांगल्या डोळ्यात उजेड सहन न होणं, धूसर दिसणं सुरू झालं, तर त्याच दिवशी दाखवायला हवं. लवकर औषध सुरू झालं तर तो डोळा बहुधा वाचतो.

ज्या मुलाचा एक डोळा गेला आहे, त्याला दुसऱ्याला नंबर नसला तरी कायम पॉलिकार्बोनेटचा चष्मा घालायला देतात. तो नंबरासाठी नसून उरलेल्या डोळ्यासाठी आहे, हे वर्गशिक्षकांना आणि खेळाच्या सरांना पालकांनी जाऊन समजावून सांगावं लागतं. नाहीतर खो-खोच्या किंवा क्रिकेटच्या मैदानावर सर तो काढून ठेवायला सांगतात.